बऱ्या पायाचा दोरा

लोणखेड्यात कुणी उजव्या पायातली वहाण डाव्या पायात घातली, किंवा डावीकडचा बैल उजवीकडे जुंपला, की लोक म्हणत, "हाऊ बी दोधूनाच भाऊ दिखस." मग सगळे हसत. हसण्यासारखं होतंच म्हणा. ज्या गड्यानं डावं-उजवं न कळून आपला धडधाकट गुडघा कापून घेतला, त्याला गाव हसणार नाही तर कुणाला हसणार?

दोधूची आई कौसाबाई तेव्हा हसतही नसे नि रागवतही नसे. हातातलं काम खाली ठेवून ती जराशी उभी राही आणि पुन्हा कामाला लागे. एकुलतं एक पोर, वाईट वाटायचंच, असं बायका म्हणत. वाईट का वाटतं ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

ही गोष्ट प्रकाशाला तापीवर पूल नव्हता तेव्हाची. दोधू मोटेवरचा गडी. त्याचा बाप मानमोडीच्या साथीत गेला आणि विहीर, बैल, मिरचीचं वावर असं सगळं या पोराच्या अंगावर आलं. पण त्यानं कधी तोंड वाकडं केलं नाही. मोट पाण्यानं भरली की बैल धावेच्या उतारावरून खाली निघत, मोटेचा नाडा ताणला जाई, आणि दोधू त्या ताणलेल्या नाड्यावर बूड टेकून बैलांबरोबर खाली येई. धावेच्या टोकाला टुणकन उडी मारायची, बैल मागं रेटत वर न्यायचे, पुन्हा नाड्यावर बसायचं. दिवसभर तेच. वर गाणं म्हणायचा, गळा बेताचाच होता. कौसाबाई घरात भाकरी थापताना चाकाची कुरकुर ऐकायची आणि आज पोराची मर्जी कशी आहे ते तिला तेवढ्यावरून कळायचं.

एका हिवाळ्यात मोटेचं पाणी पडायचं ते थारोळं फुटलं आणि धावेच्या टोकाशी चिखल झाला. दोधूनं नेहमीसारखी उडी मारली. डावा पाय चिखलात रुतला आणि अंग बैलांकडे वळलं. गुडघ्यात काहीतरी कट्कन वाजलं. तो खाली बसला तो उठेना, आणि गुडघा जो वाकडा राहिला तो सरळ होईना.

"पाय सरळ कर ना भाऊ," कौसाबाई म्हणाली.

"व्हत नही माय. आत काही तरी अडकेल शे."

मग जे जे करायचं ते केलं. एरंडाची पानं बांधली, बिब्बा घातला, तो उतून फोड आले. कधीतरी झोपेत कूस बदलताना गुडघा आपोआप सुटे, दोन-चार दिवस दोधू नीट चाले, आणि वहाण घालायला वाकला की पुन्हा अडके. मोट चुलतभाऊ भाईदासनं सांभाळली. भाईदास तोंडाचा फटकळ, पण मनाचा वाईट नव्हता. लाकडं आणायला तो नवापूरकडे जाई, तिथली बातमी त्यानंच आणली. डोंगराच्या पायथ्याशी एका सुरतेच्या लाकूडव्यापाऱ्यानं दवाखाना बांधला होता. आज तिथं जोतंसुद्धा उरलेलं नाही, पण त्या काळी त्याचं नाव होतं, कारण मुंबईचे एक मोठे डॉक्टर अधूनमधून तिथं येऊन हाडांची ऑपरेशनं करत.

तेव्हा गाडीत गवत घालून दोधूला त्यावर झोपवलं, प्रकाशाला नदी उतरून नंदुरबार गाठलं आणि तिथून आगगाडीनं मायलेक दवाखान्यात पोचले.

मुंबईचे डॉक्टर मऊ बोलणारे होते. त्यांनी गुडघा हातात घेतला, हलवला, दाबला, आणि कौसाबाईला कळेल असं सांगितलं. "बाई, गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये दोन गाद्या असतात. चंद्रकोरीसारख्या. तुमच्या मुलाची एक गादी फाटलीय आणि फाटलेली कड आत दुमडून बसलीय. दाराच्या फटीत कापड अडकलं तर दार लागतं का? तसं झालंय."

"मंग ते कापड काढशात का?"

"बहुतेक डॉक्टर काढूनच टाकतात. पण कड चांगली असली तर मी टाके घालून शिवून बघणार आहे. शिवलेली गादी राहिली तर पाय जन्मभर टिकेल."

हे कौसाबाईला फार पटलं. तिनं आयुष्यभर गोधड्या शिवल्या होत्या. फाटलेलं शिवायचं असतं, फेकायचं नसतं, एवढं कळणारा डॉक्टर म्हणजे चांगल्या घरचा माणूस, असं तिनं ठरवून टाकलं. मग तिला जे विचारायचं होतं ते तिनं विचारलं.

"त्याले मोट हाकता येई का?"

"येईल," डॉक्टर म्हणाले. "नाड्यावर बसूनसुद्धा."

पुढच्या फेरीला ऑपरेशन ठरलं. पण त्या फेरीच्या आधी दवाखान्यातले रोजचे डॉक्टर हिवतापानं आडवे झाले. त्यांनीच सगळे रोगी तपासून ठेवलेले, कुणाचं काय ते त्यांनाच तोंडपाठ. मुंबईचे डॉक्टर त्या दिवशी आपला मदतनीस घेऊन येणार आणि रांगेनं सगळी ऑपरेशनं उरकणार होते. वॉर्डाचं काम रामसिंगकडे होतं. हा नवापूरच्या डोंगरातला गडी, गळ्यात क्रूस घालायचा, घरी तिथल्या आदिवासींची कोकणी बोलायचा आणि रोग्यांशी जपून जपून मराठी बोलायचा. दिवे लागायच्या सुमाराला तो आला, दोधूचे दोन्ही पाय धुतले आणि डाव्या गुडघ्याच्या वर एक काळा रेशमी दोरा बांधला. जखमा शिवायला दवाखान्यात असायचा तोच दोरा.

"आई, हा दोरा काढायचा नाही," तो म्हणाला आणि पुढच्या खाटेकडे गेला. कशासाठी बांधला ते त्यानं सांगितलं नाही, कारण ते सांगावं लागेल असं त्याला वाटलंच नाही. ज्या पायाचं ऑपरेशन त्या पायाला दोरा, ही त्या दवाखान्याची रोजची रीत होती.

कौसाबाईच्या डोक्यात मात्र दुसरीच रीत होती, आणि ती दवाखान्याहून जुनी होती.

दोधू जन्माला आला तेव्हा तिचं बाळंतपण अडलं होतं. सूर्य मावळला तरी सुटका होईना. घरातल्या बायकांनी नेहमीप्रमाणे सगळ्या गाठी सोडल्या होत्या. तिची वेणी मोकळी केली, बासनं उघडली, डब्यांची झाकणं काढली, गाडीच्या जुवाची दोरीसुद्धा सोडली. तरी काही नाही. शेवटी तिची मोठी जाऊ भिकुबाई हिच्या लक्षात आलं की कोपऱ्यातल्या दादर ज्वारीच्या पोत्याचं तोंड अजून बांधलेलंच आहे. तिनं धावत जाऊन सुतळी सोडली आणि घटकेत पोर रडलं. हे कौसाबाईला कुणी शिकवलेलं नव्हतं, तिच्या अंगावरून गेलेलं होतं. जे अडकलंय त्याच्या आसपास गाठ ठेवायची नसते. आणि काळा दोरा बांधायचा तो धडक्या अंगाला, दृष्ट लागू नये म्हणून. दुखऱ्या अंगाला गाठ मारली तर दुखणं आतच कोंडतं.

आणि इथं तर पोराच्या गुडघ्यात अडकलेलं होतं, आणि अगदी त्याच्याच वर गाठ!

दवाखान्याच्या माणसांनी मुद्दाम काही केलं असेल असं तिला वाटलं नाही. तिला वाटलं, घाईघाईत बांधला असेल बिचाऱ्यानं, पुरुषाच्या जातीला काय कळतं यातलं. रात्रभर तिचा डोळा लागला नाही. पहाटे खिडकीत उजेड आला तेव्हा वॉर्डात सामसूम होती आणि दोधू डोळे मिटून पडला होता. तिनं चादर सारली, नखानं गाठ सोडली, आणि दोरा काढायचा नाही असं सांगितलेलं असल्यामुळे तो टाकला नाही. दोधूच्या उजव्या गुडघ्याच्या वर तिनं तो नीट बांधला. निदान बरा पाय तरी नजरेपासून जपला जावा. बांधताना कानबाई देवीचं नाव घेतलं. असं काही केलं की बोलून दाखवायचं नसतं, म्हणून ती कुणाला काही बोलली नाही.

थोड्या वेळानं दोधूला नेलं. जाताना त्यानं आईकडे बघून हात हलवला.

क्लोरोफॉर्म दिला की माणसाचं सगळं अंग सैल पडतं. दोधूचा डावा गुडघाही सैल पडला आणि अडकलेली कड सुटून पाय सरळ झाला. आता टेबलावर दोन सारखे, सरळ पाय होते, आणि त्यांतल्या एकाला काळा दोरा होता. डॉक्टरांनी तो गुडघा उघडला. आत गादी पांढरीशुभ्र, गुळगुळीत, कुठं कड उसवलेली नाही. त्यांनी शोधलं, आणखी उघडलं, पुन्हा शोधलं. मग हात थांबवून त्यांनी दुसरा गुडघा वाकवून पाहिला आणि काय झालंय ते त्यांना कळलं. त्यांनी जखम शिवली. दोधूला त्या दिवशी आणखी क्लोरोफॉर्म द्यायची त्यांची छाती झाली नाही.

दोधूला खाटेवर आणून ठेवलं तेव्हा कौसाबाईनं आधी त्याचा चेहरा पाहिला. मग पाय पाहिले. पट्ट्या उजव्या गुडघ्याला होत्या. ती खाटेचा लोखंडी पाया धरून खाली बसली. कुणी काही सांगायच्या आधी तिला सगळं उमजलं होतं. देवानं तिला सगळं देताना थोडी कमी समज दिली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टर आत आले. मऊ बोलणारा तो माणूस आता मऊ राहिला नव्हता. त्यांनीही जरा विचारायचं होतं, स्वतः गुडघा पाहायचा होता, हे त्यांना कळत होतं, आणि स्वतःची चूक कळलेला माणूस दुसऱ्यावर जास्तच ओरडतो. रामसिंग त्यांच्यापुढं हात जोडून उभा होता.

"मी डाव्याच पायाला बांधला साहेब. देवाशपथ डाव्याच."

"मग दोरा चालत गेला का? आजपासून या दवाखान्यात पाऊल ठेवायचं नाही."

कौसाबाई उठून उभी राहिली. सांगायचं होतं तिला. तिनं तोंड उघडलंही. आणि तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"साहेब, त्याले बोलू नका. दोरा मी बदला."

क्लोरोफॉर्मच्या गुंगीतनं दोधू पुरता बाहेर आलेला नव्हता. ओठ सुकले होते. "माले खाज सुटनी व्हती. मी सोडा, नि परत बांधा."

"दुसऱ्या पायाला?" डॉक्टर म्हणाले. "डावं-उजवं कळत नाही तुला?"

"नही कळत साहेब," दोधू म्हणाला.

वॉर्डात कुणीतरी हसलं. मग आणखी एक-दोघे हसले. डॉक्टर निघून गेले, रामसिंगची नोकरी वाचली, आणि दोधूच्या कपाळावर वेडेपणाचा शिक्का बसला तो कायमचा.

सगळे पांगल्यावर कौसाबाई त्याच्या उशाशी बसली. "तुले कसं कळनं?" तिनं विचारलं.

"मी जागाच व्हतू माय."

"मंग बोलना का नही?"

"तुले बरं वाटी ऱ्हायंतं," तो म्हणाला. "दोरानं काय व्हस, असं वाटनं माले."

ती त्याच्या छातीवर डोकं टेकून रडली. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, आणि ओकारी आली तेव्हाच तेवढा थांबला.

एवढ्यावर भागतं तरी चाललं असतं. कापलेलं भरून आलं असतं. पण दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. जखम लाल झाली, गुडघा कलिंगडासारखा फुगला, अंग तापानं भाजायला लागलं. पू थांबवणारी औषधं तेव्हा निघालेली नव्हती. हिवतापातून उठलेल्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी जखम पुन्हा उघडली, नळी घातली, रोज धुतली. पाय मांडीतून कापावा लागेल असंही एकदा म्हणाले. रामसिंग आपली पाळी संपली तरी घरी जात नसे. दोधूच्या पायाखाली वाळूच्या पिशव्या लावणं, घाण काढणं, कौसाबाईला जबरदस्तीनं भाकर खायला लावणं, सगळं तोच करी. तो दोधूला देवमाणूस मानू लागला होता. खरं काय ते कौसाबाईनं त्याला दोनदा सांगायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा दोधूनं पाणी मागितलं.

जीव वाचला. पायही वाचला. पण उजवा गुडघा सांध्यातून जखडला, पाय काठीसारखा सरळ झाला तो झाला. मुंबईचे डॉक्टर पुन्हा आले तेव्हा त्यांनी स्वतःहून विचारलं, "डाव्या गुडघ्याचं करू या का? या वेळी मी स्वतः बघून करीन." दोधूनं मान हलवली. म्हणाला, "वाकनारा आते तोच एक शे साहेब. ऱ्हाऊ द्या."

ती दोघं घरी आली. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, असं भाईदास म्हणाला आणि जीभ चावली. मग गावानं विचारलं, काय झालं, कसं झालं. दोधूनं दवाखान्यात सांगितलं होतं तेच सांगितलं. गावाला आणखी काय हवं होतं!

मोट कायमची भाईदासकडे गेली. जखडलेल्या पायानं नाड्यावर बसता येत नाही, आणि अधूनमधून अडकणाऱ्या पायानं उडी मारता येत नाही. दोधू बांधावर लाकडाच्या ठोकळ्यावर बसून मिरची राखायचा, उजवा पाय पुढं पसरलेला. गाणं बंद झालं. कौसाबाई भाकरी थापताना चाकाची कुरकुर अजून ऐकायची, पण ती आता भाईदासची होती आणि तिला तिच्यातून काहीच कळत नसे.

श्रावणात कानबाईच्या रोटांचा सण होता. सगळी भाऊबंदकी भाईदासच्या ओसरीवर जमली. जेवायला सगळे मांडी घालून बसले, दोधू तेवढा भिंतीशी ठोकळ्यावर बसला. वाढणाऱ्या पोरीचा पाय त्याच्या पसरलेल्या पायात अडकला आणि खिरीचं भांडं हिंदकळलं.

"दोधू, पाय जवळ ले ना," भाईदास म्हणाला. "का कोनता लेवा ते इसरी गया?"

पंगत हसली. दोधूही हसला. हल्ली तो सगळ्यांच्या आधी हसायला शिकला होता, आणि ते हसणं कौसाबाईला सहन झालं नाही. ती हातातली परात घेऊन पंगतीच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"हसू नका त्याले," ती म्हणाली. "दोरा त्यानी नही बदला. मी बदला. तो झोपेल शे असं वाटनं माले, नि मी डावा पायना दोरा सोडीसन उजवाले बांधा. मन्हा हातनं व्हयनं ते. पोरनं काहीच चुकेल नही."

कौसाबाईला वाटलं, आता शिव्या बसतील. बसाव्यात अशीच तिची इच्छा होती. इतक्या दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरला होता आणि ती मान खाली घालून वाट पाहत होती.

भिकुबाईनं पदरानं डोळे पुसले. हीच ती जाऊ, जिनं दादरच्या पोत्याची सुतळी सोडली होती. ती म्हणाली, "माय ते मायच ऱ्हास वं. पोरनं खापर सोताना डोकावर फोडी ऱ्हायनी, दखा."

"खरं शे," कुणीतरी म्हणालं. भाईदासची मान खाली गेली. बायकांनी कौसाबाईला धरून बसवलं, तिच्या पाठीवरून हात फिरवले. अशी आई मिळायला भाग्य लागतं, असं दोघी-तिघी म्हणाल्या.

"मी खरं सांगी ऱ्हायनू," कौसाबाई म्हणाली. "दोधू, तू सांग. सांग ना भाऊ."

सगळ्यांनी दोधूकडे पाहिलं. त्यानं आईकडे पाहिलं. मग तो हसला, तेच नवं हसणं, आणि पंगतीला म्हणाला, "मायना सभावच तसा शे."

त्या दिवसानंतर भाईदासनं थट्टा सोडली. गावात मात्र लोक दोन गोष्टी सांगायला लागले, एक दोधूच्या वेडेपणाची आणि दुसरी त्याच्या आईच्या मायेची. दुसरी सांगताना बायका आपल्या पोरांना जवळ घेत. कौसाबाईला पहिलीपेक्षा दुसरीच जास्त जाळायची.

घरी आल्यावर तिनं त्याला विचारलं होतं, खरं का सांगितलं नाहीस म्हणून. तो म्हणाला, "खरं सांगीसन पाय वाकनार शे का?"

संध्याकाळी ती वाटीत तेल कोमट करायची आणि त्याचे पाय चोळायला बसायची. उजवा पाय लाकूड झालेला, त्याला दुखणंही उरलेलं नव्हतं. दुखायचा तो डावा, हे तिलाही ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं, घरातल्या मांजरालाही ठाऊक असेल. तरी तेलाची बोटं तशीच वर धरून ती विचारायची, "कोनता?"

"डावा, माय."

"हाऊच ना?"

"हाऊच."

मग ती त्या गुडघ्यावर नुसता हात ठेवायची आणि पुन्हा एकदा विचारायची. आणि दोधू, कितीही थकलेला असला तरी, पुन्हा एकदा सांगायचा.